विश्लेषण : मोबाइलवरच्या जुन्या नकाशात आपले गाव नेमके सापडते, ते कोणामुळे? हिंगणघाटला विसावलेल्या विल्यम लॅम्बटन यांची कहाणी

आजोबांचे मूळ गाव, धरणाच्या पाण्याखाली गेलेली वस्ती, आडनावात उरलेले पण कोणी न पाहिलेले खेडे यांचा शोध आता मोबाइलवर घेता येतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे नकाशे अनेक ग्रंथालयांनी ऑनलाइन खुले केले आहेत. त्यातला जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवला, की नदीवर नदी आणि टेकडीवर टेकडी बरीचशी बसते. ही किमया संगणकाची असल्याचे वाटते, पण तिचा पाया १८०२ मध्ये मद्रासजवळच्या एका मैदानात शंभर फुटी साखळीने घातला गेला. तो घालणारे विल्यम लॅम्बटन यांची कबर वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला आहे. जगातील सर्वोच्च शिखराला त्यांच्या उत्तराधिकाऱ्याचे, जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. लॅम्बटन मात्र मागे पडले.

लॅम्बटन कोण होते?

इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशर भागातील नॉर्थअ‍ॅलर्टनजवळ एका साध्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या जन्मवर्षाबाबत चरित्रकारांत एकमत नाही. बहुतेक जण ते १७५० च्या दशकातले धरतात. गणितात गती असलेला हा मुलगा सैन्यात गेला आणि १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला ३३व्या पलटणीत दाखल झाला. अमेरिकेतील युद्ध संपल्यानंतरची सुमारे तेरा वर्षे त्यांनी आजच्या कॅनडातील न्यू ब्रन्सविकमध्ये काढली. तिथे अमेरिकेतून आलेल्या लोकांना वसवण्यासाठी जमिनी आखून देण्याच्या कामाशी त्यांचा संबंध आला. सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली. पुढच्या आयुष्यात ज्याला दुर्बिणीला डोळा लावूनच जगायचे होते, त्या माणसाच्या वाट्याला हे आले.

वरिष्ठांच्या नजरेत भरावे असे तोवर काही घडले नव्हते. १७९६ च्या सुमारास ते भारतात आपल्या पलटणीत परतले. तिचे नेतृत्व तेव्हा आर्थर वेलस्ली करत होते. पुढे असईच्या लढाईमुळे महाराष्ट्राच्या इतिहासात आणि वॉटर्लूमुळे जगाच्या इतिहासात गेलेले वेलस्ली ते हेच. चाळिशी ओलांडलेला, अबोल, पुस्तकात रमणारा हा अधिकारी फावल्या वेळात पृथ्वीचा आकार मोजण्यावरचे निबंध वाचत असे.

नकाशाचा विचार कुठून आला?

१७९९ मध्ये टिपू सुलतानविरुद्धच्या मोहिमेत लॅम्बटन होते. एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी चालत असताना लॅम्बटन यांनी तारे पाहिले आणि आपण उलट्या दिशेने, थेट टिपूच्या फौजेकडे निघालो आहोत, असे सांगितले. बेअर्ड यांचा आधी विश्वास बसला नाही. होकायंत्र काढून पाहिल्यावर दिशा बदलली आणि तुकडी वाचली. हा प्रसंग त्यांच्या बहुतेक चरित्रांत येतो.

श्रीरंगपट्टण पडल्यावर म्हैसूरचा मोठा मुलूख कंपनीच्या प्रभावाखाली आला. त्याचा नकाशा हवा होताच. लॅम्बटन यांनी त्यापुढची योजना मांडली. द्वीपकल्पाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत त्रिकोणांचे जाळे टाकायचे आणि त्याच कामातून पृथ्वीची वक्रताही मोजायची. कंपनीतील अनेकांना हा खर्च निरर्थक वाटला. रस्ते आणि नद्या दाखवणारे नकाशे असताना आणखी मोजमाप कशाला, असा आक्षेप होता. वेलस्ली बंधूंच्या पाठिंब्यामुळे १८०० मध्ये मंजुरी मिळाली. या कामाला राज्यकर्त्यांच्या दृष्टीने उघड उपयोग होता. मुलूख नेमका मोजता आला, की फौज हलवणे आणि सारा बसवणे सोपे जाते. लॅम्बटन यांना स्वतःला शास्त्राची ओढ होती, पण त्यांना पैसा मिळाला तो साम्राज्याच्या गरजेमुळे.

त्रिकोणांनी देश कसा मोजतात?

शाळेतली भूमिती इथे पुरते. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असतील, तर उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. मग त्यातलीच एक बाजू धरून पुढचा त्रिकोण, त्यावरून त्याच्या पुढचा. जमिनीवर प्रत्यक्ष मोजावी लागते ती फक्त पहिली बाजू. तिला आधाररेषा म्हणतात. बाकी सगळे टेकड्यांच्या माथ्यांवरून कोन पाहून होते. मात्र पहिल्या रेषेत चूक झाली, तर ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात वाढत जाते.

म्हणून १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ सुरू झालेल्या मोजणीत कमालीची काळजी घेतली गेली. पोलादी साखळी शंभर फुटांची होती. चीनच्या बादशहाला भेट देण्यासाठी इंग्लंडहून निघालेल्या शिष्टमंडळाच्या सामानातली ही साखळी पुढे भारतात विकली गेली होती. उन्हाने धातू प्रसरण पावतो, म्हणून ती लाकडी पेट्यांत, तिवयांच्या आधारावर ताणून ठेवली जाई आणि शेजारी तापमापके असत. साडेसात मैलांच्या रेषेसाठी ती चारशे वेळा मांडावी लागली.

कोन मोजण्याचे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, लंडनच्या विल्यम कॅरी यांनी बनवले होते. त्याच्या चकतीचा व्यास ३६ इंच आणि वजन जवळपास अर्धा टन. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. तिथल्या फ्रेंच गव्हर्नरांनी मात्र शास्त्रीय उपकरण म्हणून ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. तेव्हा दोन्ही देशांत वैर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या सौजन्याचे मोल कळते.

हे धूड टेकडीवर, किल्ल्याच्या बुरुजावर, देवळाच्या शिखरावर चढवायचे काम खलाशी आणि मजूर करत. दूरच्या टेकडीवर निशाण धरून दिवसेंदिवस उभे राहणारेही तेच. तापाने आणि अपघाताने माणसे दगावत. यातल्या बहुतेकांची नावे अहवालांत नाहीत.

पहिल्या काही वर्षांतच एक निकाल हाती आला. मद्रास ते मंगळूर हे अंतर तोवरच्या नकाशांत सुमारे ४०० मैल दाखवले जाई. ते ३६० मैलांच्या आसपास भरले. नकाशावरच्या भारताची रुंदी चाळीस मैलांनी कमी झाली. मोजणी कशाला, हा प्रश्न त्यानंतर बराच थंडावला.

तंजावरला काय घडले?

१८०८ मध्ये मोजणी तंजावरला पोहोचली. सपाट भातखाचरांच्या त्या मुलखात टेकड्या नव्हत्या, म्हणून थिओडोलाइट बृहदीश्वर मंदिराच्या उंच शिखरावर चढवायचे ठरले. वर ओढताना दोर तुटला आणि यंत्र दगडी भिंतीवर आदळले. ज्या चकतीवर कोन वाचायचे, तीच वाकली. दुसरे यंत्र इंग्लंडहून यायला वर्षे लागली असती. लॅम्बटन यांनी काही कारागिरांना घेऊन स्वतःला कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे पाचर, स्क्रू आणि कप्प्या वापरून चकती तसूतसूने पूर्ववत केली. त्याच यंत्राने काम पुढे चालू राहिले.

मराठी वाचकांसाठी या जागेला आणखी एक संदर्भ आहे. तंजावरवर तेव्हा सरफोजीराजे भोसले दुसरे यांचे नाव होते. याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रचंड मराठी शिलालेख कोरला गेला. म्हणजे एकाच दशकात एका देवळाच्या आवारात घराण्याची वंशकथा दगडात कोरली गेली आणि देशाचा नकाशाही मोजला गेला. कुटुंबाचा इतिहास शोधताना लागतात त्या याच दोन गोष्टी: नावे आणि जागा.

ते महाराष्ट्रात कसे पोहोचले?

कन्याकुमारीपासून उत्तरेकडे, साधारण ७८ अंश रेखांशाच्या बाजूने त्रिकोणांची साखळी सरकत राहिली. १८१५ पर्यंत पश्चिमेला गोव्यापासून पूर्वेला मछलीपट्टणमपर्यंतचा भाग जाळ्यात आला होता. पुढे निजामाचा आणि मराठ्यांचा मुलूख होता. त्याच वर्षी बिदरजवळ आधाररेषा मोजली गेली. कन्याकुमारीपासून तिथवरचा पट्टा अक्षांशाच्या जवळपास १० अंशांचा झाला. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ इतका लांब कंस तोवर कोणीही मोजला नव्हता. पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे, हे ठरवायला या आकड्यांचा उपयोग झाला. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने लॅम्बटन यांची दखल घेतली, लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही मिळाले.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनचे राजकीय चित्र पालटले. त्याच वर्षी ही मोहीम गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेली आणि तिला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’, म्हणजे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले. मदतीला तरुण जॉर्ज एव्हरेस्ट आले. गोदावरी-कृष्णेदरम्यानच्या जंगलात तापाने ते इतके खचले, की त्यांना उपचारासाठी दक्षिण आफ्रिकेला जावे लागले.

लॅम्बटन यांना तोवर क्षयाने ग्रासले होते. वय सत्तरीच्या आसपास. तरीही मुख्य ठाणे हैदराबादहून नागपूरला हलवायचे ठरवून ते निघाले. मद्रासच्या सर्वेक्षण शाळेतून आलेले जोशुआ डी पेनिंग आणि डॉक्टर हेन्री व्हॉयसी हे त्यांचे सहकारी होते. व्हॉयसी यांची ओळख पुढे भारतातील भूगर्भशास्त्राचे आद्य अभ्यासक अशी झाली. नागपूर काही मजलांवर असताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला लॅम्बटन यांचे निधन झाले. त्या वेळी एव्हरेस्ट हैदराबादकडून मुंबईच्या दिशेने जाणारी त्रिकोणांची साखळी आखत होते.

लॅम्बटन इंग्लंडला कधीच परतले नाहीत. भारतात त्यांचे कुटुंब होते, मुले होती. पण कंपनीच्या काळातील अशा अनेक कुटुंबांप्रमाणे तेही सरकारी चरित्रांत जेमतेम येते.

त्यांच्यानंतर काय झाले?

एव्हरेस्ट यांनी ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. कन्याकुमारीपासून तिची लांबी सुमारे २,४०० किलोमीटर झाली. पुढे याच जाळ्यावरून हिमशिखरांच्या उंच्या निघाल्या आणि राधानाथ शिकदार यांच्या गणनेतून सर्वोच्च शिखर ठरले. १८६५ मध्ये त्या शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. नागपूरच्या झिरो माइलजवळ १९०७ चा ‘जीटीएस’ अक्षरांचा स्तंभ आजही आहे. ही अक्षरे लॅम्बटन यांच्या मोहिमेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. ज्या नागपूरला पोहोचायचे राहून गेले, तिथे त्यांच्या कामाची खूण अशी उभी आहे.

जुने नकाशे कुठे पाहता येतात?

टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेली भारताची ‘यू ५०२’ मालिका विनामूल्य आहे. तिचे प्रमाण १ : २,५०,०००, म्हणजे नकाशावरच्या एका सेंटिमीटरला जमिनीवरचे अडीच किलोमीटर. तिचा आधार त्याआधीची भारतीय सर्वेक्षणे असल्याने त्यात मोठ्या धरणांपूर्वीचा महाराष्ट्र दिसतो. कोयना, जायकवाडी किंवा उजनीच्या जलाशयाच्या जागी नदीचा जुना प्रवाह आणि काठावरची गावे पाहता येतात. विस्थापित कुटुंबातल्या नातवंडांना आपले गाव नेमके कुठे होते, हे दाखवायला एवढे एक पान पुरेसे ठरू शकते.

शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’त ‘इम्पीरियल गॅझेटियर’चे खंड आणि नकाशासंग्रह आहेत. डेव्हिड रम्से संग्रहात जुने नकाशे आजच्या नकाशावर ठेवून पाहण्याची सोय आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर आजचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे मिळतात. तुलनेसाठी ते उपयोगी पडतात.

आपले गाव शोधायचे कसे?

पहिली पायरी : मोबाइलच्या नकाशात गावावर बोट दाबून ठेवा आणि अक्षांश-रेखांश लिहून घ्या. 

दुसरी पायरी : त्यावरून नकाशाचे पान काढा. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीत चार अंशांच्या चौकोनाला क्रमांक, त्यातल्या एक अंशाच्या चौकोनाला इंग्रजी अक्षर आणि त्यातल्या पाव अंशाच्या चौकोनाला पुन्हा क्रमांक असे. हिंगणघाट ‘५५ एल’मध्ये येते, नागपूर ‘५५ ओ’मध्ये, पुणे ‘४७ एफ’मध्ये. इतर मालिकांचे क्रमांक वेगळे असतात, पण अक्षांश-रेखांश सगळीकडे चालतात. 

तिसरी पायरी : नाव शोधताना जुन्या स्पेलिंगचा विचार करा. पूर्वी ‘पूर’ लिहिताना ‘यू’ऐवजी दोन ‘ओ’ वापरत. अचलपूर ‘एलिचपूर’ म्हणून सापडेल. नाव न सापडल्यास नदीचे वळण धरून जागा शोधा. 

चौथी पायरी : जुना नकाशा आजच्यावर बसवताना निदान चार न हलणाऱ्या खुणा जुळवा. किल्ला, जुने देऊळ, नद्यांचा संगम, रेल्वेचा पूल या चांगल्या खुणा. रस्ते सरकतात, म्हणून ते टाळा.

इथे लॅम्बटन पुन्हा भेटतात. त्यांच्या जाळ्यात रेखांश मद्रासच्या वेधशाळेपासून मोजले जात. त्या वेधशाळेचा ग्रीनिचपासूनचा रेखांश तेव्हा जो धरला, तो पुढे सुमारे अडीच मिनिटांनी चुकीचा ठरला. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील अनेक नकाशांवरचे रेखांश जसेच्या तसे मोबाइलमध्ये टाकले, तर महाराष्ट्रात जागा चार किलोमीटरहून अधिक पूर्वेला जाते. अनेक नकाशांच्या समासात तशी बारीक सूचना छापलेली असते. गावांमधली परस्पर अंतरे मात्र बरोबर असतात. म्हणून आकड्यांपेक्षा खुणा जुळवणे जास्त भरवशाचे.

कुटुंबाच्या शोधात याचा उपयोग काय?

आडनावातल्या ‘कर’मागचे गाव अनेकदा एकाहून अधिक ठिकाणी असते. पिंपळगाव किंवा वडगाव नावाची कितीतरी गावे आहेत. अशा वेळी घरात सांगितल्या जाणाऱ्या खुणा कामी येतात. कुलदैवताचे ठिकाण, बाजाराचे गाव, ओलांडावी लागणारी नदी, सोयरिकीची गावे हे सगळे ज्या एका पिंपळगावाच्या आसपास जुळते, ते बहुधा आपले. एखादे गाव आजच्या नकाशात नसेल, तर ते बेचिराख झाले, शेजारच्या गावात मिसळले की पाण्याखाली गेले, हे वेगवेगळ्या काळातले नकाशे ओळीने पाहिले की उलगडते.

मात्र नकाशा माणसांची नावे सांगत नाही. त्यासाठी कागदपत्रांकडे वळावे लागते. जिल्हा गॅझेटियर आणि जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका ऑनलाइन आहेत. राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर अनेक जिल्ह्यांतील जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन केलेले आहेत. तिथे शोधायला तालुका आणि गाव नेमके ठाऊक असावे लागते. ते नकाशाने आधीच ठरवून दिलेले असते.

कोणती खबरदारी घ्यावी?

लॅम्बटन यांच्या परंपरेतला नकाशा हा भूप्रदेशाचा नकाशा आहे. टेकडी, नदी, वाट, वस्ती त्यात दिसते. शेताच्या हद्दी दिसत नाहीत. महाराष्ट्रातील शेतांची मोजणी ही वेगळी परंपरा आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीने १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून तिने आकार घेतला. तिची साखळी ३३ फुटांची. तिच्यावरूनच ३३ फूट लांब-रुंद जागेचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. त्यामुळे जमिनीच्या वादात ऑनलाइन मिळालेला जुना नकाशा मालकीचा पुरावा म्हणून पुढे करू नये. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची प्रमाणित नक्कलच लागते.

दुसरे म्हणजे, नकाशावर छापलेले वर्ष आणि प्रत्यक्ष पाहणीचे वर्ष यांत बराच फरक असू शकतो. समासातली पाहणीची तारीख आधी वाचावी. तिसरे, ज्या वाड्या-वस्त्या सरकारला महत्त्वाच्या वाटल्या नाहीत, त्या अनेकदा नोंदवल्याच गेल्या नाहीत. नकाशात नाही म्हणजे वस्ती नव्हती, असा निष्कर्ष काढू नये. घरातल्या ज्येष्ठांची आठवण तिथे कागदापेक्षा खरी ठरू शकते आणि ती लिहून ठेवण्याचे काम लांबवता येत नाही.

लॅम्बटन यांच्या स्वतःच्या बाबतीतही हेच दिसते. त्यांनी मोजलेल्या टेकड्यांची जागा आजही सांगता येते, पण त्यांची हिंगणघाटची कबर अनेक वर्षे दुर्लक्षित राहिली. चेन्नईला सेंट थॉमस माउंटवर त्यांचा अर्धपुतळा आहे. २०२३ मध्ये त्यांच्या मृत्यूला दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्यांना ओळखणारा वाचक महाराष्ट्रात आजही विरळाच, पण आपले गाव जुन्या नकाशात शोधणारा प्रत्येक जण त्यांच्या साखळीचे एक टोक हातात धरून असतो.